सुलभाताईंचं बर्गन

किलकेनीला मी ज्या घरात खोली घेतली, त्या घराच्या मालकीणबाईंनी पहिल्या दिवशी मला घर दाखवलंच नाही. दार उघडलं, माझी बॅग आत ओढून घेतली, माझ्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "हे बूट चालायचे आहेत की दाखवायचे?"

"चालायचे," मी म्हटलं.

"मग चल."

आणि त्यांनी मला नदीकाठाने तासभर चालवलं. वाटेत किल्ला आला, त्याची त्यांनी एका वाक्यात वासलात लावली. भाजी कुठे ताजी मिळते हे मात्र दहा मिनिटं सांगितलं. परत आल्यावर "डाळ प्रेसमध्ये आहे, करून घे" म्हणाल्या आणि ड्यूटीवर निघून गेल्या. मी घरभर इस्त्री शोधत राहिले. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर मी ब्रेड खाऊन झोपले होते.

सुलभाताई भाटकर. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातल्या. मुंबईत नर्सिंग करून वीसेक वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलात आल्या त्या इथेच राहिल्या. मी पुण्याहून डब्लिनला एमएस करायला आलेली, पहिली नोकरी किलकेनीत लागलेली. मी राहायला गेले तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. बुटक्या, भक्कम, पाठीमागून बस येतेय आणि ती पकडायचीय अशा चालीच्या. हॉस्पिटलात सगळे त्यांना 'सू' म्हणत. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. एकदा डब्लिनजवळ सिटीवेस्टच्या मराठी मंडळींच्या गणपतीत एका काकूंनी विचारलं होतं. ताई त्यांच्या गुडघ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही वजन दहा किलो कमी करा, मग मी कारण सांगते." त्या काकूंनी वजन कमी केलं नाही.

बोलण्यात आमच्यासारखंच इंग्रजी भरलेलं, पण वर कोकणातला 'गो' असायचा आणि आयर्लंडातलं 'ग्रँड'. काहीही झालं तरी ग्रँड. बॉयलर बंद पडला, ग्रँड. दोन स्वेटर घालू. तशी हीटिंग त्या जानेवारीतही सकाळी तासभरच लावत. "घर गरम करायचं की आपण गरम व्हायचं, ते ठरव," असं म्हणून मला लोकरी मोजे देत. मला याचा रागही यायचा. बोटं आखडलेली असताना कुणाचा शहाणपणा ऐकवत नाही.

ही सगळी काटकसर कशासाठी, ते मला जूनमध्ये कळलं. दर वर्षी जूनमध्ये चार दिवस आणि सप्टेंबरात चार दिवस ताई पाठीवर सॅक टाकून उत्तरेकडे जात. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे. कोपनहेगन, ओस्लो, गोथेनबर्ग, स्टाव्हांगर. खर्च करायला लोक दचकतात असे ते देश, आणि या बाई तिथे हॉस्टेलात दहा जणांच्या खोलीत खालच्या बंकवर झोपत. सॅकचा पट्टा पायाला बांधून. त्यांची पद्धत ठरलेली होती. गावात उतरलं की आधी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जायचं. तिथे ऊब असते, स्वच्छ संडास असतो, पाणी असतं आणि कुणी काही विचारत नाही. मग वाण्याच्या दुकानात जाऊन लोकांच्या टोपलीत काय काय आहे ते बघायचं. आणि मग गावातली सगळ्यात उंच जागा शोधून तिथे चालत जायचं. चालत म्हणजे चालतच. लिफ्ट, केबल कार, दोन मजली टुरिस्ट बस, सगळं वर्ज्य. जेवण म्हणजे घरून नेलेले पातळ पोहे आणि किसलेलं सुकं खोबरं. तिथे एक कांदा आणि लिंबू घ्यायचं आणि बाकावर बसून दडपे पोहे कालवायचे.

फोटो एकही काढत नसत. "मग लोकांना काय दाखवणार?" मी विचारलं.

"लोकांना कशाला दाखवायचं? मी बघितलं ना."

या उत्तरात एक ताठरपणा होता, तो मला तेव्हा नुसताच स्वभावातला वाटला.

आमच्या शेजारी पॅट नावाचे ऐंशीच्या पुढचे गृहस्थ राहत. कुंपणाशी उभे राहून गोष्टी सांगत. एकदा म्हणाले, तरुणपणी नदीला पूर आला होता तेव्हा खांद्यावर वासरू घेऊन मी पोहून पलीकडे गेलो. वासरू आधी लहान होतं. गोष्ट पुढे सरकली तसं मोठं झालं. ते आत गेल्यावर मी हसून म्हटलं, "हा म्हातारा काय थापा मारतो! पुढच्या वेळी बैल येईल खांद्यावर."

ताई कपडे वाळत घालत होत्या. थांबल्या. "तू होतीस तिथे?"

"कुठे?"

"पुरात."

"मी कशी असेन?"

"मग थाप कशावरून?" एवढं म्हणून त्यांनी उरलेले कपडे तसेच ओले बादलीत टाकले आणि आत गेल्या. संध्याकाळभर माझ्याशी बोलल्या नाहीत. इतक्याशा गोष्टीवरून एवढं? मला कळेना. हॉस्पिटलात त्यांच्याबरोबर काम करणारी एक केरळी नर्स नंतर मला म्हणाली की वॉर्डातले म्हातारे सूच्याच ड्यूटीची वाट बघतात. कारण काहीही सांगितलं तरी ती ऐकून घेते, हसत नाही, आणि 'मग पुढे काय झालं' विचारते.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये एका रविवारी त्या गावाकडे फोनवर बोलून आल्या आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. वहिनीचा फोन होता. त्यांचे वडील, त्यांना त्या आबा म्हणत, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, बाथरूममध्ये पडले होते. हाड मोडलं नव्हतं, पण तेव्हापासून बोलणं कमी झालं होतं. दिवस दिवस गप्प असतात, असं वहिनी म्हणाली.

"जाताय का?" मी विचारलं.

"ऑगस्टात जाणारे." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "केतकी, तुला या वर्षी यायचंय माझ्याबरोबर? जूनमध्ये?"

मी उडालेच. त्या कुणालाही बरोबर नेत नसत. "कुठे?"

"बर्गनला. नॉर्वे."

"बर्गन राहिलंय अजून तुमचं? तिकडे तर सगळे आधी जातात."

"पाऊस फार पडतो तिथे," त्या म्हणाल्या. वीस वर्षं आयर्लंडमध्ये काढलेली बाई पावसाचं कारण सांगत होती.

ताईंकडे आयरिश पासपोर्ट होता, मला मात्र व्हिसा काढावा लागला. कागद जमवताना माझ्या नाकी नऊ आले, तेव्हा त्यांनी हॉस्टेलचं बुकिंग माझ्याकडेच सोपवलं. "तू कॉम्प्युटरवाली. कर." मी केलं. दोन बेड, दोन दिवस, वाचनालयाजवळ, नाश्ता नसलेलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

बर्गनला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि अर्थातच पाऊस पडत होता. जोराचा नाही, बारीक, सगळीकडून एकदम येणारा. डोंगर गावावर ओणवे झालेले, त्यांच्या माथ्यावर ढग, खाली बंदर. हॉस्टेलच्या काउंटरवर वेणी घातलेल्या एका मुलीने माझा पासपोर्ट बघितला, स्क्रीन बघितली, परत पासपोर्ट बघितला.

"तुमचं बुकिंग आहे," ती म्हणाली, "पण जुलैमधलं."

मी फोन काढून बघितलं. तारीख बरोबर, महिना पुढचा. मी स्वतःच्या हाताने जुलै निवडला होता. मुलगी बिचारी हळहळली. पण गावात कसलासा संगीताचा उत्सव होता, बंदराला मोठ्या प्रवासी बोटी लागलेल्या, आणि त्यांच्याकडे एकही बेड नव्हता. तिने दोन-तीन ठिकाणी फोनही केले. हॉटेलात एक खोली होती. तिचं भाडं ऐकून मी मुकाट्याने ताईंकडे बघितलं.

मला रडू येत होतं. मी शिव्या खायच्या तयारीत होते. हक्कच होता त्यांचा.

ताईंनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. "पावणेबारा. झोपायला अजून दहा-अकरा तास आहेत. आत्तापासून कशाला त्याची काळजी?" मग त्या मुलीला म्हणाल्या, "माय लव्ह, सॅक ठेवू का इथे संध्याकाळपर्यंत?" मुलीने सॅक ठेवून घेतल्या. वर आम्हाला चहा दिला. ताईंनी तिला तिचं गाव, आईची तब्येत आणि वेणी रोज कोण घालतं हे विचारून घेतलं.

"ताई, सॉरी," मी बाहेर आल्यावर म्हटलं. "आय ॲम सो सॉरी."

"ग्रँड आहे गो. टोपी घाल."

वाचनालय झालं, वाण्याचं दुकान झालं. मासळीबाजारात ताईंनी प्रत्येक माशाचा डोळा बघितला आणि काहीही घेतलं नाही. लाकडी रंगीत घरांच्या ओळीपाशी लोक छत्र्या सांभाळत फोटो काढत होते, आम्ही शेजारच्या वळचणीला पोहे कालवले. एरवी ताई खाताना समोरून जाणाऱ्या माणसांच्या चाली बघून त्यांची दुखणी ओळखत. आज मात्र सारख्या मान वर करून डोंगराकडे बघत होत्या.

"वर जायचं ना?" मी विचारलं. "इथून गाडी जाते म्हणे थेट. पण आपण चालतच जाणार, हो ना?"

त्यांनी माझ्याकडे झटकन बघितलं. "कोण म्हणालं गाडी जाते?"

"वाचलं मी कुठेतरी."

"हं," त्या म्हणाल्या आणि डबा बंद केला.

वळणावळणाच्या रस्त्याने आम्ही चढू लागलो. दोन्ही बाजूंना पांढरी लाकडी घरं, खिडक्यांत कुंड्या, कुणाची सायकल, कुणाचे ओले बूट दाराबाहेर. ताई नेहमीपेक्षा सावकाश चालत होत्या. अर्ध्या चढावर रस्ता रुळांना येऊन भिडला. अरुंद रूळ, अगदी तिरके, डोंगराच्या पोटातून वर गेलेले. बाजूला छोटासा फलाट, पायऱ्यांसारखा. आम्ही तिथे पोचलो आणि खालून गाडी आली. एकच डबा, पायऱ्यापायऱ्यांचा. बहुतेक लोक पर्यटक, ते आतच बसून राहिले. दार उघडलं आणि एक बाई उतरली. चाळिशीची असेल. रेनकोट, दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या, एका पिशवीतून लांबडा पाव बाहेर आलेला. ती आमच्याकडे बघून ओळख नसताना हसली, पायऱ्या उतरली आणि समोरच्या घराचं फाटक पायाने उघडून आत गेली. गाडी वर निघून गेली.

मी चार पावलं पुढे गेले होते. मागे बघितलं तर ताई तिथेच. त्या बंद फाटकाकडे बघत होत्या. मग फलाटाशेजारच्या ओल्या बाकावर बसल्या. चेहरा पावसाने भिजला होता, त्यामुळे त्या रडतायत हे मला पटकन कळलं नाही.

"ताई? दुखतंय का कुठे? छातीत?"

त्यांनी मान हलवली. मी शेजारी बसले. मग त्या बोलायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत.

आबा बोटीवर होते. परदेशी मालवाहू बोटींवर स्वयंपाकी. ताई लहान असताना त्यांची बोट दुरुस्तीसाठी बर्गनला तीन आठवडे अडकली होती. घरी आल्यावर ते सांगत, त्या गावात एक गाडी आहे, ती डोंगरावर सरळ चढते. आणि गंमत म्हणजे ती सहलीची गाडी नाही. संध्याकाळी लोक कामावरून येतात, पाव-बटाटे घेऊन तिच्यात बसतात आणि डोंगराच्या मध्यावर आपापल्या घरापाशी उतरतात. आपल्याकडे एसटीतून उतरतात तसे. आणि उन्हाळ्यात तिथे रात्रीचे दहा वाजले तरी उजेड असतो. गावात कुणाचा विश्वास बसेना. लोक त्यांना 'बर्गन' म्हणू लागले. "काय बर्गन, आज डोंगरावर चढणार काय?" पोरं ताईंना शाळेत तेच म्हणून चिडवत.

चौथीत असताना बाईंनी आबांना वर्गात बोलावलं, मुलांना परदेशाच्या गोष्टी सांगायला. ते धुतलेला शर्ट घालून आले. छान सांगत होते. गाडीपाशी आले आणि मुलं हसायला लागली. बाईही हसल्या. हसत हसत त्यांनी ताईंना उभं केलं. "काय गो सुलभा, खरं आहे काय हे?"

"मी म्हटलं," ताई म्हणाल्या, "'खोटं सांगतात. त्यांना सवयच आहे.'"

गाडी परत खाली गेली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

"ते काही बोलले नाहीत गो. रागावलेही नाहीत. टोपी उचलली आणि गेले. त्यानंतर घरात कधी बोटीचं नाव काढलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, 'स्वयंपाक करायचो, दुसरं काय?' आईनं विचारलं तरी तेच."

"पण ताई, नुसतं इंटरनेटवर बघितलं असतं तरी कळलं असतं. इतकी वर्षं..."

"माहीत आहे. मुद्दाम नाही बघितलं. मी त्यांना खोटं पाडलं ते सगळ्यांसमोर उभं राहून. आणि खरं काय ते घरात खुर्चीवर बसून फोनवर बघायचं? नाही. स्वतः जाऊन बघायचं ठरवलं. आणि मग जायचीच भीती वाटायला लागली. ओस्लोला गेले, स्टाव्हांगरला गेले, इथे आले नाही. गाडी नसली तर काय, आणि असली तर काय. दोन्ही अवघडच."

मी त्यांचा फोन त्यांच्या हातात दिला. तिकडे संध्याकाळचे सात वाजले असणार. ताई तो नुसताच धरून बसल्या. "ऐकू येत नाही त्यांना नीट. बोलतही नाहीत." तरी लावला.

वहिनींनी उचलला. त्यांना काही कळेना, कुठलं गाव, कसली गाडी. शेवटी त्यांनी फोन स्पीकरवर टाकून आबांच्या कानाशी नेला.

"आबा! मी सुली!" ताई इतक्या मोठ्याने ओरडल्या की खालच्या वळणावरचं एक जोडपं थांबून बघू लागलं. "आबा, मी बर्गनला आलेय! बर्गन!"

तिकडून काहीच नाही. नुसता पंख्याचा आवाज.

"आबा, बर्गन! तुमचं!"

"समजत नाय त्यांना," वहिनी म्हणत होत्या, "राहू दे ताई, मी मग..." आणि मध्येच एक घोगरा आवाज आला.

"पाऊस पडतोय काय?"

ताईंनी माझा हात घट्ट धरला. "पडतोय! पडतोय आबा!"

"मंग बर्गनच."

ताई रडत होत्या आणि हसत होत्या. "आबा, गाडी आहे. मी आत्ता बघितली. एक बाई उतरली पाव घेऊन. घरात गेली. तुम्ही सांगितलंत तसंच. आबा, मी तेव्हा शाळेत..."

"वर गेलीस काय गाडीनं?"

"नाही, चालत आलेय अर्ध्यापर्यंत. आबा, ऐका ना, मी तेव्हा शाळेत बाईंसमोर..."

"येडी हायस काय? चालत कशाला? गाडीनं जा. माज्याकडं तवा पैसं नव्हतं, म्हणून मी खालनं बगत ऱ्हायलो. रोज जायचो बगायला. तू बस. बस आनि मला सांग वरनं काय दिसतं ता."

मला वाटतं ताईंना हे नवीन होतं. ते गाडीत बसलेच नव्हते, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या, "तिकीट काढ."

मी फोनवर तिकिटं काढली. पुढची गाडी आली. आम्ही सगळ्यात खालच्या काचेपाशी उभ्या राहिलो, आणि ताई फोन तोंडाशी धरून, आख्ख्या डब्यातल्या परक्या माणसांच्या देखत, मोठ्याने मराठीत सांगू लागल्या. आबा, आता सुटली. आबा, झाडं आहेत दोन्हीकडं, हात लावावा इतकी जवळ. आता बोगदा. आता दुसरी गाडी खाली चाललीय, बाजूनं गेली. आबा, बंदर दिसतंय. बोटी आहेत, पांढऱ्या. नाही, तुमच्यासारखी मालाची एक आहे, लाल. पाणी काळं दिसतं. घरांवर कौलं आहेत आबा, आपल्यासारखीच, पण काही काळी. पलीकडे डोंगर, त्याच्यामागं डोंगर.

अधूनमधून फोनमधून "हां" एवढंच येई. एकदा त्यांनी विचारलं, "लाल बोटीचं नळकांडं कंचं हाय?" ताईंनी डोळे बारीक करून धुराड्याचा रंग सांगितला. "हां," आबा म्हणाले.

शेजारचा एक म्हातारा पर्यटक मला हळूच म्हणाला, तुमची मैत्रीण कुणाशी बोलतेय? वडिलांशी, मी सांगितलं. त्याने आपली बसायची जागा ताईंना दिली.

त्या दिवशी आम्ही त्या गाडीने दोनदा वर गेलो आणि दोनदा खाली आलो.

झोपायची सोय मग त्या वेणीवाल्या मुलीनेच सुचवली. गावाबाहेर बसने अर्ध्या तासावर तंबू ठोकायची जागा होती, तिथे लाकडी खोपटी भाड्याने मिळत. एक रिकामं होतं. आत दोन बंक, एक टेबल, एक विजेची शेगडी. गाद्या होत्या, अंथरूण-पांघरूण आपलं आपण आणायचं. आमच्याकडे ताईंची एक सुती चादर आणि माझा टॉवेल. सगळे कपडे अंगावर चढवून आम्ही दाराच्या पायरीवर बसलो. समोर पाणी, पलीकडे डोंगर, साडेनऊ वाजून गेलेले आणि स्वच्छ उजेड. पाऊस थांबला होता.

"ताई, बुकिंगचं खरंच सॉरी."

"जुलैत आलो असतो तरी गाडी होतीच," त्या म्हणाल्या. मग बूट काढत म्हणाल्या, "मी सॉरी म्हणणार होते त्यांना. त्यांनी म्हणूच दिलं नाही."

"ऐकू आलं नसेल त्यांना."

"आलं गो. लाल बोटीचं नळकांडं ऐकू येतं आणि एवढं येत नाही?" त्या पाय चोळत बसल्या. "त्यांना ते नको होतं. त्यांना वरून काय दिसतं ते हवं होतं."

चादर त्यांनी मला दिली. मी नको म्हटलं तेव्हा "गप्प झोप" म्हणाल्या आणि रेनकोट पांघरून दोन मिनिटांत घोरायला लागल्या. खिडकीतून उजेड येत होता. त्यांचे मोजे टाचेशी रफू केलेले मला दिसत होते.

आबा बोलू लागले. वहिनींनाच आधी नवल वाटलं. रविवारचा फोन तास तास चाले. ताई स्वयंपाकघरात उभ्या राहून ऐकत आणि पुढे काय झालं, असं विचारत. कुठल्याशा बंदरात माकड विकत घेतलेला खलाशी, भाताचं पातेलं वादळात उलटलं ती गोष्ट, सगळं. ऑगस्टात जाऊन आल्यावर त्यांनी हॉस्पिटलात राजीनामा दिला. पेन्शनला अजून अवकाश होता. लोकांनी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ऑक्टोबरात गेल्या. घर भाड्याने दिलं. मला तोवर कॉर्कला दुसरी नोकरी लागली होती, मी तिकडे गेले.

आबा त्यानंतर दीड वर्ष जगले. ते गेल्याचा मेसेज ताईंनी दोन ओळींत पाठवला. शेवटच्या आठवड्यापर्यंत बोलत होते, असं त्यात होतं.

मग मागच्या मे महिन्यात एका सकाळी त्यांचा फोन. "कॉर्कात आहे. फेरी पकडायचीय. येतेस?" घराची कामं उरकायला त्या किलकेनीला येऊन गेल्या होत्या आणि आता फ्रान्सच्या बोटीने चालल्या होत्या. पुढे स्पेन, मग माहीत नाही. मी रजा टाकून बंदरावर गेले. केस पूर्ण पांढरे झाले होते, थोड्या बारीक झाल्या होत्या. पाठीवर तीच सॅक.

"तिकडे कोण आहे तुमचं?" मी विचारलं.

"कुणी नाही गो. कुणी सांगितलेलंही नाही काही त्या गावांबद्दल. अशीच चाललेय."

मी सँडविच नेली होती. ती त्यांनी न कुरकुरता घेतली. माझी नोकरी, माझं कॉर्कचं घर, हीटिंग किती लावतेस, सगळं विचारून झालं. तेवढ्यात पायी जाणाऱ्यांना बोटीपर्यंत नेणारी बस लागली. मी त्यांना वाकून नमस्कार करणार होते, पण त्यांनी मला दंडाला धरून सरळ उभं केलं आणि माझ्या गालावर कोरडा हात फिरवला. मग गेल्या.

खिडकीशी बसल्या. मी हात हलवत होते, पण काचेवर उजेड पडला होता, त्यांना मी दिसत नसावे. त्यांनी खिशातून छोटा कंगवा काढला, काचेत स्वतःला बघितलं आणि वाऱ्याने विस्कटलेले केस मागे बसवले. एकदा समोरून, एकदा कानांवरून, अगदी सावकाश. बस हलली तेव्हा त्या कॉलर सरळ करत होत्या.